नाव एकच, माणूस वेगळा

१७९१ च्या डिसेंबरात लंडनहून एक पत्र अमेरिकेला निघाले. लिहिणारे होते सर आयझॅक हर्ड. इंग्लंडातल्या खानदानी घराण्यांची कुलचिन्हे आणि वंशावळी यांची दप्तरे सांभाळणाऱ्या ‘कॉलेज ऑफ आर्म्स’चे ते सर्वोच्च अधिकारी. पत्र होते नव्या अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांना, आणि विचारणा होती त्यांच्या पूर्वजांविषयी. हर्ड यांना अमेरिकेची ओढ असण्याचे एक घरगुती कारण होते. त्यांची पत्नी मूळची बोस्टनची. तिच्या पहिल्या लग्नाचा मुलगा म्हणजे डेव्हिड ऑक्टरलोनी, १८०४ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजेपासून दिल्ली वाचवणारा इंग्रज सेनानी. वॉशिंग्टन यांनी पुढच्या मे महिन्यात सविस्तर उत्तर पाठवले, पण या विषयाकडे आपण फारसे लक्ष दिलेले नाही, हेही प्रांजळपणे कळवले. जॉन आणि लॉरेन्स हे दोघे भाऊ १६५७ च्या सुमारास इंग्लंड सोडून व्हर्जिनियात पोटोमॅक नदीकाठी स्थायिक झाले. त्यांतले जॉन हे आपले पणजोबा. मूळ गाव मात्र ठाऊक नाही. इंग्लंडच्या उत्तरेकडचा कुठला तरी परगणा असावा. लँकशायर, यॉर्कशायर की त्याहून वरचा, ते नेमके आठवत नाही.

देशातल्या सर्वांत प्रसिद्ध माणसाला आपल्या पणजोबांचे गाव सांगता येत नव्हते, आणि जी दिशा त्यांनी सांगितली तीही पुढे चुकीची ठरली. मध्ये जेमतेम १३५ वर्षे गेली होती. अमेरिकेतल्या वसाहतकाळच्या बहुतेक घराण्यांची हीच गत आहे. समुद्र ओलांडताना माणसांनी नाव बरोबर नेले. नात्यागोत्याचे कागद मागच्या गावातल्या चर्चमध्ये राहिले. अशा घराण्याची वंशावळ शोधणारा शेवटी एका अरुंद जागी येऊन उभा राहतो. अलीकडे व्हर्जिनियातला जॉन, पलीकडे इंग्लंडातला जॉन, आणि हे दोघे एकच का, हा प्रश्न. माझे म्हणणे असे, की वंशावळीची सारी किंमत या एका दुव्यावर ठरते. वर कितीही सरदार असोत आणि खाली कितीही राष्ट्राध्यक्ष, मधला दुवा पुराव्याने बांधलेला नसेल तर त्या दोन वंशावळी वेगवेगळ्याच राहतात. आणि दुवा सापडत नसेल तेव्हा जागा कोरी सोडणे हेही संशोधकाचे काम आहे. ते शोधाइतकेच अवघड असते. वॉशिंग्टन घराण्याच्या शोधात हे जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसत असेल.

हर्ड यांच्या हाती एक आकर्षक कागद होता. कॉलेज ऑफ आर्म्सचे अधिकारी सोळाव्या-सतराव्या शतकांत परगण्यापरगण्यांत फिरून घराण्यांच्या वंशावळी तपासत आणि नोंदवून घेत. नॉर्थॅम्पटनशायरमधल्या १६१८ च्या सुमाराच्या अशा नोंदीत सल्ग्रेव्ह गावच्या वॉशिंग्टन घराण्याची वंशावळ होती. त्या घराण्यातल्या लॉरेन्स नावाच्या लोकरीच्या व्यापाऱ्याने १५३९ मध्ये, मठ बरखास्त झाले तेव्हा, सल्ग्रेव्हची मठाकडची जहागीर विकत घेतली होती. त्याच्या वंशजांत दोन सख्खे भाऊ होते, जॉन आणि लॉरेन्स. नावे जुळत होती, भाऊपणाही जुळत होता, काळही ढोबळ मानाने बसत होता. शिवाय व्हर्जिनियाचे वॉशिंग्टन जे कुलचिन्ह वापरत, तेही याच घराण्याचे होते. हर्ड यांनी ही जोडणी स्वतः छापली नाही. पण जॉर्ज बेकर यांच्या नॉर्थॅम्पटनशायरच्या इतिहासात ती आली आणि तिथून पुढे जो-तो तीच उतरवत गेला. वॉशिंग्टन यांची पत्रे संपादित करणारे जेरेड स्पार्क्स यांनी ती स्वीकारली. वॉशिंग्टन आयर्व्हिंग यांनी आपल्या गाजलेल्या चरित्रात तिच्यावरच पहिले प्रकरण उभे केले. एका तर्काचे तीन पुस्तकांत मिळून सत्य झाले. वाचकाला वाटावे की तीन साक्षीदार एकच गोष्ट सांगत आहेत. साक्षीदार एकच होता, आणि त्यानेही काही पाहिलेले नव्हते.

१८६६ मध्ये जोसेफ लेम्युएल चेस्टर नावाच्या, लंडनमध्ये येऊन राहिलेल्या अमेरिकन संशोधकाने या जोडणीला हात घातला. त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता: १६१८ च्या नोंदीतल्या त्या दोघा भावांचे पुढे झाले काय? उत्तर इंग्लंडच्याच कागदांत होते. तो जॉन पुढे नाइट होऊन ‘सर जॉन’ झाला. थ्रॅप्स्टन गावी त्याचा संसार आणि मुलेबाळे होती. लॉरेन्स १६१९ मध्ये ऑक्सफर्डला गेला, तिथल्या ब्रेझनोज कॉलेजचा फेलो झाला आणि पुढे एसेक्समधल्या पर्ली गावच्या चर्चचा धर्मगुरू. आता व्हर्जिनियाकडे पाहावे. तिथल्या जॉनला एकाही खरेदीखतात, कोर्टाच्या एकाही नोंदीत ‘सर’ म्हटलेले नाही, आणि तिथल्या लॉरेन्सला कुणी धर्मगुरू म्हणत नाही. सतराव्या शतकातला माणूस एकवेळ जमीन सोडील, पदवी सोडणार नाही, आणि कारकूनही ती लिहायला विसरणार नाही. वयही आडवे येत होते. ऑक्सफर्डला गेलेला लॉरेन्स १६५७ मध्ये पन्नाशी ओलांडलेला असता. व्हर्जिनियात आलेले भाऊ नुकतेच संसार मांडणारे तरुण होते. पाऊणशे वर्षे मान्य असलेली वंशावळ या पुराव्यापुढे टिकली नाही. तिच्या जागी दुसरी कुठली मांडायची हे मात्र चेस्टर यांनी सांगितले नाही, कारण सांगण्याजोगे त्यांच्याकडे काही नव्हते. वेस्टमिन्स्टर ॲबीच्या नोंदवह्यांचे संपादन करणारा हा माणूस. १८८२ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते वॉशिंग्टन नावाच्या नोंदी गोळा करत राहिले. पण सिद्ध न झालेली एकही वंशावळ त्यांनी छापली नाही.

या संयमाचे मोल कळण्यासाठी त्याच काळातले दुसरे टोक पाहावे. १८७९ मध्ये, म्हणजे चेस्टर हयात असतानाच, न्यूयॉर्कच्या अल्बर्ट वेल्स यांनी वॉशिंग्टन घराण्याचा एक भलामोठा ग्रंथ काढला. त्यात वंशावळ थेट ओडिनपर्यंत, म्हणजे उत्तर युरोपच्या पुराणातल्या देवापर्यंत नेलेली होती. तेव्हाच्या अमेरिकेत अशा ग्रंथांना गिऱ्हाईक होते. देशाची शताब्दी नुकतीच झाली होती, नवी संपत्ती आली होती आणि तिला जुने कूळ हवे होते. पुढच्या वीस वर्षांत क्रांतीतल्या सैनिकांच्या आणि ‘मेफ्लॉवर’ जहाजावरच्या प्रवाशांच्या वंशजांच्या संस्था निघाल्या. सभासद होण्यासाठी वंशावळ लागू लागली. मागणी आली तसे पुरवणारेही आले. स्वीडनहून आलेला गुस्ताव्ह आन्जू नावाचा इसम तर वंशावळी विकण्याचा धंदाच करी. त्याची रीत अशी होती, की अमेरिकेतल्या पिढ्या खऱ्या द्यायच्या, इंग्लंडातले मोठे घराणेही खरे द्यायचे, आणि मधला दुवा तेवढा बनावट घालायचा, तोही खोट्या मृत्युपत्रांचे हवाले देऊन. १९४२ मध्ये तो वारला, पण त्याने रचलेल्या पिढ्या आजही लोकांच्या वंशवृक्षांत सुखाने नांदत आहेत. ज्या एका दुव्यावर सारे अवलंबून असते तो दुवाच त्याने नेमका हेरला होता.

पण लबाडी बाजूला ठेवली तरी प्रामाणिक माणसाची वाट सोपी होत नाही. व्हर्जिनियात जन्म-मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली १८५३ मध्ये. त्याआधीचा भरवसा चर्चच्या नोंदवह्यांवर, आणि त्यांतल्या कितीतरी हरवल्या. उरली काउंटी कोर्टांची दप्तरे: खरेदीखते, मृत्युपत्रे, मालमत्तेच्या याद्या, भांडणतंटे. यादवी युद्धात काही काउंट्यांनी ही दप्तरे सुरक्षित राहावीत म्हणून राजधानी रिचमंडला पाठवली, आणि एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या फौजा रिचमंड सोडताना लागलेल्या आगीत ती जळून गेली. ज्यांनी काळजी घेतली त्यांचेच नुकसान जास्त झाले. जे कागद वाचले तेही सरळ बोलत नाहीत. व्हर्जिनियात माणूस आणणाऱ्याला दरडोई ५० एकर जमीन मिळे. त्यासाठी दिलेल्या नावांच्या याद्या आज बोटींच्या प्रवासी याद्यांसारख्या वाचल्या जातात. पण त्यांवरची तारीख जमिनीच्या दाव्याची असते, माणूस त्याच्या कितीतरी वर्षे आधी आलेला असू शकतो. हे हक्क विकले जात, आणि एकच नाव दोनदा लावल्याचीही उदाहरणे आहेत. नावापुढे ‘ज्युनिअर’ असले तर तो मुलगाच असे नाही. गावात त्याच नावाचा वयाने मोठा दुसरा कुणी होता, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. मृत्युपत्रातला ‘कझिन’ पुतण्याही असतो. आणि १७५२ पर्यंत इंग्रजी वर्ष २५ मार्चला सुरू होत असल्याने जानेवारी-फेब्रुवारीतल्या कागदावर आपल्या हिशेबाने एक वर्ष कमी लिहिलेले असते. खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जन्म त्या वेळच्या नोंदीप्रमाणे ११ फेब्रुवारी १७३१–३२ चा, आणि अकरा दिवस पुढे असलेल्या नव्या दिनदर्शिकेप्रमाणे २२ फेब्रुवारी १७३२ चा. ही एक बाब नजरेआड झाली की मुलगा आईबापाच्या लग्नाआधी जन्मतो किंवा बाप मरणानंतर मृत्युपत्र करतो, आणि मग त्या घोळातून वाट काढण्यासाठी कुणीतरी नसलेली एक पिढी मध्ये घालतो.

तरीही याच कागदांतून अनपेक्षित उजेड पडतो. जॉन वॉशिंग्टन व्हर्जिनियात पोचल्याचे आपल्याला कळते ते एका भांडणामुळे. ते ‘सी हॉर्स’ नावाच्या तंबाखूच्या व्यापारी जहाजावर अधिकारी म्हणून आले. परतीच्या वाटेवर जहाज पोटोमॅकमध्ये रुतले, जॉन मागे राहिले, आणि मालक एडवर्ड प्रेस्कॉट याच्याशी त्यांचा मजुरीवरून कोर्टात वाद झाला. दोन वर्षांनी, १६५९ मध्ये, प्रेस्कॉटच्याच जहाजावर एका बाईला चेटकीण ठरवून फाशी दिल्याची तक्रार जॉन यांनी मेरीलंडच्या गव्हर्नरकडे केली. सुनावणीला साक्षीसाठी बोलावणे आले, तेव्हा त्यांनी कळवले की त्या वेळी आपल्या लहान मुलाचा बाप्तिस्मा ठरला असून पाहुण्यांना आमंत्रणेही गेली आहेत. साक्ष झाली नाही, प्रेस्कॉट सुटला. त्या बाईला न्याय मिळाला नाही याची चुटपुट राहते. पण तो मुलगा बहुधा लॉरेन्स, म्हणजे जॉर्ज यांचे आजोबा, आणि त्यांच्या जन्माचा काळ आपल्याला कळतो तो या चुकवलेल्या साक्षीच्या पत्रावरून. जन्मनोंद नसताना चेटकिणीच्या खटल्याचा कागद जन्मतारीख सांगतो. वंशावळीचा अभ्यासक नुसती मृत्युपत्रे चाळून थांबत नाही, शेजाऱ्यांची भांडणेही वाचतो, त्याचे कारण हे.

इंग्लंडकडची बाजू उजळली ती हेन्री फिट्झगिल्बर्ट वॉटर्स यांच्या चिकाटीने. बोस्टनच्या वंशेतिहास संस्थेने त्यांना १८८३ मध्ये लंडनला पाठवले ते एका माणसाचा शोध घ्यायला नव्हे. तिथली मृत्युपत्रे एकामागून एक वाचत जायची आणि अमेरिकेत गेलेल्यांचा जिथे जिथे उल्लेख येईल तो टिपायचा, असे काम होते. याच रीतीने त्यांनी हार्वर्ड विद्यापीठाला नाव देणाऱ्या जॉन हार्वर्ड यांचे साउथवर्कमधले कुटुंब १८८५ मध्ये उजेडात आणले. १८८९ मध्ये त्यांनी वॉशिंग्टन यांच्याविषयीचे निष्कर्ष मांडले. हर्टफर्डशायरमधल्या ट्रिंग गावच्या चर्चच्या वहीत लॉरेन्स वॉशिंग्टन नावाच्या गृहस्थाच्या मुलांचे बाप्तिस्मे नोंदलेले होते. १६३५ मध्ये बाप्तिस्मा झालेल्या मुलाचे नावही लॉरेन्सच. त्याच गावच्या अँड्र्यू नोलिंग यांनी जानेवारी १६५० मध्ये मृत्युपत्र केले. त्यात त्यांनी आपली जमीन धर्मपुत्र लॉरेन्स वॉशिंग्टनला दिली, आणि ॲम्फिलिस वॉशिंग्टन या बाईला व जॉन, विल्यम, एलिझाबेथ, मार्गारेट, मार्था या मुलांना रोख रकमा. या कागदात ॲम्फिलिसला ज्या शब्दाने संबोधले आहे त्याचा आजचा अर्थ सून. पण त्या काळी तोच शब्द सावत्र मुलीलाही लावत, आणि इथे तेच नाते आहे. हे लक्षात न घेणारा माणूस नोलिंग यांच्या नसलेल्या मुलाला शोधत बसला असता. पुढे ॲम्फिलिस वारली आणि तिच्या मालमत्तेची व्यवस्था पाहण्याचा अधिकार फेब्रुवारी १६५६ मध्ये, कागदावरच्या हिशेबाने १६५५ मध्ये, तिचा मुलगा जॉन याला मिळाला. म्हणजे तेव्हा जॉन इंग्लंडात होता, सज्ञान होता आणि घरातला कर्ता होता. पुढच्याच वर्षी एक जॉन वॉशिंग्टन पोटोमॅकवर दिसू लागतो. लॉरेन्सचे तसेच. ट्रिंगजवळच्याच ल्यूटनमध्ये व्यापार करणारा लॉरेन्स वॉशिंग्टन नंतर व्हर्जिनियाला गेला, हे त्याच्या मागे इंग्लंडात राहिलेल्या मुलीच्या कागदांवरून कळते.

आणि मार्था. व्हर्जिनियाच्या जॉन यांनी १६७५ मध्ये मृत्युपत्र केले, त्यात बहीण मार्था वॉशिंग्टन हिला इंग्लंडातल्या आपल्या पैशांतून दहा पौंड आणि चार हजार पौंड वजनाची तंबाखू ठेवली. शिवाय तिला या देशात आणण्यासाठी जो खर्च झाला त्याची बाकी माफ केली. हर्ड यांच्या जोडणीत दोन नावे जुळली होती. इथे तीन भावंडांचा संच जुळतो. जॉन आणि लॉरेन्स ही नावे इंग्लंडात गल्लोगल्ली होती, त्यांचा योगायोग कुठेही घडू शकतो. पण जॉन, लॉरेन्स आणि मार्था ही भावंडे, ठरावीक वर्षी इंग्लंडच्या कागदांतून दिसेनाशी होऊन लगोलग व्हर्जिनियाच्या कागदांत दिसू लागतात, आणि दोन्हीकडचा एकही कागद त्याला छेद देत नाही. याला पुरावा म्हणतात. ‘हाच तो जॉन’ असे सांगणारा थेट कागद एकही नाही. जॉन यांच्या बाप्तिस्म्याची नोंदही सापडलेली नाही. सारे परिस्थितीजन्य आहे, पण ते एकमेकांना धरून उभे आहे. वॉटर्स यांनी आपले म्हणणे जपून मांडले होते, आणि नंतर दोन्ही देशांतून निघालेल्या कागदांनी ते पक्के होत गेले.

आता यातली सर्वांत विलक्षण गोष्ट. ट्रिंगच्या मुलांचा बाप कोण निघाला? पर्लीचे धर्मगुरू लॉरेन्स वॉशिंग्टन. चेस्टर यांनी ‘हा व्हर्जिनियाला गेलेलाच नाही’ म्हणून वगळला तोच माणूस, व्हर्जिनियाला गेलेल्या भावांचा बाप. म्हणजे हर्ड यांचे घराणे बरोबर होते; त्यांनी बापाला मुलगा समजून एक पिढी गाळली, एवढेच. यावर कुणीही म्हणेल, की मग चेस्टर यांनी एवढी मोडतोड कशासाठी केली? सल्ग्रेव्हचेच घराणे शेवटी खरे ठरले ना! हा आक्षेप वरवरचा नाही. वंशावळीच्या क्षेत्रात तो पदोपदी ऐकू येतो. पण हर्ड यांची जोडणी उभी राहिली असती तर वॉटर्स यांनी ट्रिंगकडे पाहिलेच नसते, कारण बापाची जागा भरलेली होती. धर्मगुरू लॉरेन्स हा त्या वंशावळीत व्हर्जिनियात मेलेला तंबाखूचा जमीनदार राहिला असता. प्रत्यक्षात त्यांचे आयुष्य वेगळेच होते. इंग्लंडातल्या यादवीत पार्लमेंटने १६४३ मध्ये त्यांना पर्लीहून काढले. दारूच्या गुत्त्यात सदा बसणारा, असा ठपका छापील पुस्तिकेत ठेवला. राजाच्या बाजूच्या अनेक धर्मगुरूंवर तेव्हा असेच ठपके ठेवले गेले, तेव्हा तो कितपत खरा मानायचा हा प्रश्नच आहे. उत्पन्न गेले, बायको-मुले ट्रिंगला सावत्र आजोबांच्या आधाराने राहिली, बाप १६५३ मध्ये माल्डनला पुरला गेला. थोरल्या मुलाने समुद्राची वाट का धरली ते या घसरणीतून कळते. वॉशिंग्टन व्हर्जिनियात का आले, या प्रश्नाचे उत्तर त्या गाळलेल्या पिढीत होते. अंदाज खरा निघाला म्हणून तो अंदाज असताना ज्ञान होता असे ठरत नाही. आणि हर्ड यांच्यासारखेच नावावरून नाव जुळवणाऱ्या दुसऱ्या शेकडो जणांचे अंदाज खरे निघालेले नाहीत.

दुसरा आक्षेप घरातल्या आठवणींचा. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेली गोष्ट पुसून टाकणारे हे कागद कोण, असा त्याचा सूर असतो. मराठी इतिहास-संशोधनाला अस्सल कागद आणि बखर यांतला फरक नवा नाही, त्यामुळे आपल्या वाचकाला हा वाद ओळखीचा वाटेल. ‘मेफ्लॉवर’चे जॉन हाउलंड यांचे उदाहरण इथे बोलके आहे. हे प्रवासात वादळात समुद्रात पडून वाचलेले तरुण. त्यांच्या वंशजांत दोन्ही बुश राष्ट्राध्यक्ष येतात. त्यांची बायको एलिझाबेथ ही प्लिमथ वसाहतीचे पहिले गव्हर्नर जॉन कार्व्हर यांची मुलगी, असे घराण्यात पक्के समजत. वंशजांनी कबरीवरच्या दगडावरही तसे कोरवले. प्लिमथचे गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांच्या हस्तलिखित इतिहासात प्रवाशांची आणि त्यांच्या मुलाबाळांची यादी होती, पण ते हस्तलिखित बोस्टनमधून नाहीसे झालेले. १८५५ मध्ये ते लंडनच्या बिशपांच्या ग्रंथसंग्रहात सापडले, पुढच्या वर्षी छापले गेले, आणि त्यात स्पष्ट होते की हाउलंड यांनी जॉन टिली यांच्या मुलीशी लग्न केले. हाउलंड कार्व्हर यांच्या पदरी होते. आईवडील पहिल्याच हिवाळ्यात गेल्यावर ही पोरकी मुलगीही कार्व्हर यांच्या घरी राहिली असावी, तिथून ती त्यांची ‘मुलगी’ झाली असेल. आठवण निराधार नव्हती. ती सरकली होती. घरच्या आठवणीला म्हणूनच साक्षीदाराचा मान द्यावा, आणि साक्षीदाराची घ्यावी तशी तिची उलटतपासणीही घ्यावी.

यापेक्षा जड आक्षेप निराळा आहे, आणि त्याचे उत्तर देताना मला सावध व्हावेसे वाटते. कागदाचाच पुरावा मागायचा तर ज्यांच्याकडे कागद होते त्यांनाच पूर्वज मिळणार. जॉन वॉशिंग्टन यांचे मृत्युपत्र आहे कारण त्यांच्याकडे देण्याजोगे काही होते. त्याच व्हर्जिनियात गुलामीत जन्मलेली माणसे इतरांच्या मृत्युपत्रांत येतात, गुरांच्या आणि भांड्यांच्या यादीत, एका पहिल्या नावाने. १८५० आणि १८६० च्या जनगणनेतल्या गुलामांच्या तक्त्यांत तर नावही नाही. मालकाच्या नावाखाली वय, लिंग आणि वर्ण, एवढेच. मग पुराव्याचा आग्रह म्हणजे जुन्या अन्यायावर शिक्का मारणे नव्हे का? मला वाटते, नाही. पण अट एवढीच, की नियम सगळ्यांना सारखा लावला पाहिजे. राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफर्सन आणि त्यांच्या मालकीच्या सॅली हेमिंग्ज यांचे प्रकरण घ्या. सॅली यांचे पुत्र मॅडिसन हेमिंग्ज यांनी १८७३ मध्ये ओहायोतल्या वृत्तपत्रात जेफर्सन हेच आपले वडील असल्याचे सांगितले. जेफर्सन यांच्या गोऱ्या नातवंडांनी बोट दाखवले ते कार नावाच्या भाच्यांकडे. शंभरहून अधिक वर्षे इतिहासकारांनी दुसरे म्हणणे घेतले आणि पहिले सोडले, आणि दोन्ही आठवणीच असताना एकीला पुरावा व दुसरीला गावगप्पा मानले. इतिहासकार ॲनेट गॉर्डन-रीड यांनी १९९७ मध्ये हा दुटप्पीपणा एकेक मुद्दा घेऊन दाखवून दिला. जेफर्सन यांनी स्वतःच्या शेतवहीत सॅली यांच्या मुलांचे जन्म लिहून ठेवले आहेत, आणि त्या-त्या जन्मांच्या नऊ महिने आधी ते माँटिचेलोत, आपल्या मळ्यावर, मुक्कामाला होते, हेही कागदांवरून जुळते.

१९९८ मध्ये डीएनएची चाचणी झाली. बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाणारे वाय गुणसूत्र तपासले गेले. जेफर्सन यांचा पत्नीपासूनचा पुत्रवंश पुढे न चालल्याने त्यांच्या चुलत्याच्या वंशातल्या पुरुषांचे नमुने घेतले. सॅली यांचा धाकटा मुलगा एस्टन याच्या वंशजाशी ते जुळले. कार घराण्याशी एस्टनचे जुळले नाही. त्याच वेळी, आपण जेफर्सन यांच्याच वंशातले असे पिढ्यान्‌पिढ्या सांगणाऱ्या वुडसन या कृष्णवर्णीय घराण्याचे मात्र जेफर्सनांशी जुळले नाही. एका मापाने मोजल्यावर गोऱ्या घराण्याची एक आठवण खोटी पडली, काळ्या घराण्यांची एक खरी ठरली आणि एक ठरली नाही. डीएनए आला, आता कागद कशाला, असे म्हणणाऱ्यांनीही हेच प्रकरण नीट पाहावे. वाय गुणसूत्र एवढेच सांगते, की बाप जेफर्सन घराण्यातला पुरुष होता. थॉमस की त्यांचा भाऊ, हे ते सांगत नाही. ते ठरवायला शेतवही आणि मुक्कामाच्या तारखा लागतात. वॉशिंग्टन घराण्यातही जॉन आणि लॉरेन्स यांचे गुणसूत्र एकच असणार. इतर डीएनए दर पिढीला निम्मा होत जातो, त्यामुळे साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका पूर्वजाचा अंश आजच्या वंशजात उरेलच असे नाही. प्रयोगशाळा एक साक्षीदार वाढवते. निकाल तिला देता येत नाही.

कागद नसलेल्यांसाठी काही वेळा मालकाचाच कागद कामी येतो. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९९ मध्ये, शेवटचे मृत्युपत्र करण्याच्या सुमारास, माउंट व्हर्नन या आपल्या मळ्यावरच्या गुलामांची यादी स्वतःच्या हाताने लिहिली: ३१७ माणसे. आपल्या मालकीची कोण आणि पत्नीच्या पहिल्या सासरच्या वाटणीची कोण, हे वेगळे करणे हा तिचा हेतू. पहिल्यांना ते मुक्त करू शकत होते, दुसऱ्यांना नाही. पण त्यासाठी त्यांनी कोण कुणाची बायको, नवरा कुठल्या शेतावर, मूल कोणत्या आईचे, वय किती, हेही लिहिले. आज कित्येक कुटुंबे याच यादीतून आपली पहिली पिढी उभी करतात. आईची जागा तिथे बहुधा भरलेली असते. बापाची अनेकदा कोरी. ती तशीच कोरी ठेवून पुढच्या पिढ्या जोडत जाणारे वंशज मला आन्जूच्या गिऱ्हाइकांपेक्षा अधिक खरे इतिहासकार वाटतात.

वसाहतकाळच्या स्थलांतरितांचा पद्धतशीर अभ्यास करणारे आजचे संशोधकही हेच करतात. रॉबर्ट चार्ल्स अँडरसन यांनी १९८८ मध्ये सुरू केलेल्या ‘ग्रेट मायग्रेशन’ प्रकल्पात १६२० ते १६४० या काळात न्यू इंग्लंडला आलेल्यांची टिपणे आहेत. प्रत्येक टिपणाच्या आरंभी मूळ ठिकाणासाठी एक ठरलेली जागा आहे, आणि पुष्कळदा तिथे ‘अज्ञात’ असे छापलेले असते. संकेतस्थळांवर काही क्षणांत पंचवीस पिढ्या मिळण्याच्या आजच्या दिवसांत हे ‘अज्ञात’ छापायला धीर लागतो, कारण कोऱ्या जागा लोकांना सोसत नाहीत आणि एकाने भरलेली जागा हजार जण उतरवून घेतात. वॉशिंग्टन यांच्याच आईकडे पाहा. मेरी बॉल यांचे वडील जोसेफ बॉल, हे नीट ठाऊक आहे. आई मात्र जॉन्सन नावाची एक विधवा, बॉल यांची दुसरी बायको. तिला आधीच्या नवऱ्यापासून एलिझाबेथ नावाची मुलगी होती, बॉल यांच्यामागे तिने ह्यूज नावाच्या गृहस्थाशी लग्न केले, आणि १७२१ मध्ये ती वारली तेव्हा मृत्युपत्रात मेरीसाठी जमीन ठेवून गेली. जॉन्सन हे माहेरचे नाव की पहिल्या सासरचे, हेच मुळात पक्के नाही. तिला एका खानदानी इंग्रज घराण्याचे आडनाव चिकटवून मोकळे झालेली पुस्तके आहेत. त्या आडनावामागे कागद एकही नाही.